पाय धुण्याचा तास

आमच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाची घंटा झाली की वर्गाची फाळणी होते. जवळजवळ सगळ्या मुली जागेवरच बसून राहतात आणि मूल्यशिक्षणाचं पुस्तक काढतात. आठवी, नववी, दहावी मिळून उरलेल्या मोजक्या मुली उठतात, बाकांमधून वाट काढत बाहेर पडतात आणि माझ्याकडे येतात. शाळा कॅथलिक सिस्टरांची, धुळ्यात, देवपुरात. पण शिकणाऱ्या मुली बहुतेक हिंदू घरांतल्या, काही मुसलमान घरांतल्या. आमच्या कॅथलिक मुली थोड्या, आणि त्यांना धर्मशिक्षण देणारी मी एकटी. बाकीचा वेळ मी मराठी शिकवते.

मूल्यशिक्षणाचा मोठा वर्ग भूगोलाच्या मॅडमकडे असतो. त्या शिरपूरकडच्या शेतकरी घरातल्या, माझ्या बरोबरीच्या, आणि मला छळायची एकही संधी न सोडणाऱ्या. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टीचर, तुमचा अख्खा वर्ग एका रिक्षात मावेल."

मी म्हटलं, "मावेल ना. तुमच्या वर्गाला मालगाडी लागते. पण शेवटच्या डब्यात काय चाललंय ते तुमच्या इंजिनाला कधी कळतं का?"

रेल्वेवाल्याची मुलगी आहे मी, मालगाडीचं मला सांगू नये कुणी. मॅडम हसल्या आणि त्यांनी आपल्या डब्यातलं भरीत माझ्या पोळीवर वाढलं. आमची भांडणं अशीच मिटतात.

माझा वर्ग भरतो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. तिथे स्नेहसंमेलनाचं सामान ठेवलेलं असतं. एका कोपऱ्यात पत्र्याच्या तलवारी, दुसऱ्या कोपऱ्यात थर्माकोलचं तुळशीवृंदावन, मध्ये भाता फाटलेली हार्मोनियम. या सगळ्यांच्या साक्षीने आम्ही संस्कारांवर आणि दहा आज्ञांवर बोलतो. नवीन आलेली मुलगी आधी तलवारीकडे बघत राहते, मग हळूहळू माझ्याकडे.

मी वाढले जळगावात, मेहरूणला. वडील भुसावळला रेल्वेत होते, रोज गाडीने जाऊन-येऊन करायचे. आजोबा नगर जिल्ह्यातून आलेले, घरात बोली साधी मराठी. तरी शाळेत मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं, तुम्ही घरी इंग्रजीत बोलता का गं? नाताळच्या करंज्या डब्यात नेल्या की म्हणायचे, या तर दिवाळीच्या. मी तेव्हा चिडायचे, आणि खरं सांगायचं तर अजूनही चिडते. आम्ही कुठून बाहेरून आलो नाही, आम्ही इथलेच आहोत, हे दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी सांगावं लागणं हा माझ्या तापट स्वभावाचा अर्धा इतिहास आहे. उरलेला अर्धा वडिलांकडून आला.

त्या शाळेत धर्मशिक्षण जिन्याखाली व्हायचं. आम्ही दोघी-तिघी मुली आणि एक म्हाताऱ्या सिस्टर. त्या प्रश्न विचारायच्या, आम्ही एका सुरात उत्तर द्यायचो, पाढे म्हणावेत तसं. माझं पाठांतर पक्कं होतं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी पवित्र आत्म्याची दानं क्रमाने सांगितली असती. म्हणून मी शिकवायला लागले तेव्हा मीही तसंच शिकवलं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पाठ असलेलं वाया जात नाही, असं मी अजूनही मानते.

ज्या मुलीची ही गोष्ट, ती माझ्याकडे आठवीत आली. शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहायची. गाव शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. एसटी सोडल्यावर बराच वेळ पायी चालायचं. घर भिल्लाचं, घरात अहिराणी, मध्ये मध्ये डोंगरातले शब्द. अंगाने काटक, बोलायला एकदम मुकी. प्रश्न विचारला की ती बाकाची कड धरून उभी राहायची आणि तुळशीवृंदावनाकडे बघायची. बोर्डिंगच्या नळावर मात्र कपडे धुताना तीच मुलगी सगळी उत्तरं धडाधड म्हणायची, हे मी स्वतः दोनदा भिंतीआडून ऐकलं होतं. म्हणजे येत होतं सगळं. चारचौघांत पुस्तकी मराठीत सांगायची वेळ आली की तिचं तोंड उघडायचं नाही, एवढंच.

तिच्या गावात चर्च नाही. एका खोलीचं प्रार्थनाघर आहे, कुडाचं, वर पत्रे. मिस्सा, म्हणजे फक्त फादरच करू शकतात ती मुख्य उपासना, अर्पण करायला ते महिन्यातून एखाद्या वेळी पोचतात. बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवतात तिचे आजोबा, तिचे आबा. आबांना लिहिता-वाचता येत नाही. तरुणपणी कुण्या फादरकडून ऐकून ऐकून त्यांनी सगळं तोंडपाठ केलं आणि मग गाव त्यांच्या मागे म्हणायला लागलं. आता आबांना दम लागतो, मध्येच विसरायला होतं. ती नववीत गेली त्या वर्षी फादरांनी गावाला सांगितलं की आबांच्या जागी कुणीतरी तयार करा, शिकलेलं असावं आणि दृढीकरण झालेलं असावं. दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्म्याच्या पाण्याने मिळालेली श्रद्धा मोठेपणी स्वतःच्या तोंडाने पक्की करायची. बिशप कपाळावर तेल लावतात आणि तो संस्कार होतो. गावातल्या एक-दोन मुलांची नावं निघाली होती, पण ती कामाला गुजरातेत गेली. तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले की मनी नात चालवी.

मुलगी, तीही नववीतली, गावाची प्रार्थना चालवणार, हे काहींना पटलं नव्हतं. हे मला तिने नाही सांगितलं. आबा बोर्डिंगला भेटायला आले होते, त्यांनी सांगितलं. फाटकाशी कडुलिंबाखाली बसले होते, डोक्याला पांढरा रुमाल. म्हणाले, "बाई, यंदा तिन्हं दृढीकरण व्हवाले पाहिजे. मना डोया शेतस तवलोक." त्यांचे डोळे उघडे आहेत तोवर.

बिशप आमच्याकडे दृढीकरणासाठी दर वर्षी येत नाहीत. यंदा हुकलं असतं तर पुढच्या खेपेपर्यंत ती शाळा सोडून गेलेली असती, आणि गावात तर तयारी करून घेणारं कुणी नाही. आणि बिशप येण्याआधी धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा घ्यायला नाशिकहून फादर येतात. ते पास म्हणाले तरच पुढे. म्हणजे त्या मुलीला चारचौघांत पुस्तकी मराठीत बोलावंच लागणार होतं. मी आबांना म्हटलं, "होईल आबा, मी आहे ना." म्हणताना माझा आवाज ठाम होता. 

ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळाचे शेवटचे दिवस होते. पांझरा नदीचं पात्र कोरडं पडलेलं, पुलावरून येताना डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय निभत नव्हतं. दर वर्षी त्या दिवसांत मी मुलींना पाय धुण्याचा धडा शिकवते. प्रभू येशूने अटक होण्याच्या थोडंच आधी, त्याच संध्याकाळी कमरेला कापड गुंडाळून, गुडघ्यांवर बसून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. थोरला शिष्य आधी नाहीच म्हणाला, मग त्याने पाय दिले. दर वर्षी मी हे तोंडाने सांगायचे. त्या वर्षी म्हटलं, करूनच दाखवू. बोर्डिंगमधून टब आणला, बादली आणली, टॉवेल आणला. मुलींना बाकांवर बसवलं, चपला-मोजे काढायला लावले, पदर खोचला आणि जमिनीवर गुडघे टेकले.

आणि गोंधळ उडाला. मी पहिलीच्या पायाला हात लावला तशी ती उडी मारून बाकावर चढली. दुसरी पाय पोटाशी घेऊन बसली. तिसरी उठली आणि माझा हात तिच्या पायाला लागायच्या आत तिनेच वाकून माझ्या पायांना हात लावला. ते पाहून बाकीच्याही धावल्या, सगळ्याच माझ्या पाया पडायला लागल्या. मी खाली बसलेली, माझे पाय माझ्याच अंगाखाली, ते शोधताना एकीचा धक्का बादलीला लागला आणि पाणी थेट थर्माकोलच्या वृंदावनापर्यंत गेलं. येशूच्या काळापासून पाय धुण्याचा हा विधी जगात कुठे कुठे होत असेल, पण धुणाऱ्याच्याच पाया पडण्याची ही तऱ्हा आमच्या खानदेशातच व्हावी.

मी ओरडले. "बसा खाली. एकेक पाय टबात." माझा ओरडा ऐकून बसल्या बिचाऱ्या. डोळे घट्ट मिटून, सुई टोचून घ्यावी तसे पाय दिले. ती मुलगी मात्र उठून भिंतीला टेकून उभी राहिली. मी टब तिच्याकडे सरकवला.

"पाय दे."

"नही टीचर. पाप लागी माले."

"अगं, येशूनेच सांगितलंय."

 मी दटावलं, समजावलं, पुन्हा दटावलं. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून ती उभी, आणि तुळशीवृंदावनाकडे बघतेय. शेवटी घंटा झाली. मी टब उचलला आणि पाणी अंगणातल्या जास्वंदीला नेऊन ओतलं.

भूगोलाच्या मॅडमनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत मला पुढ्यात बसवून म्हणाल्या, "आम्हीसुद्धा नवरात्रात कुमारिकांचे पाय धुतो हं. पण त्या एवढ्याशा असतात, त्यांना कळत नाही. या घोडमुलींना कळतं. मोठ्या माणसाने पाय धरले तर मलाही नाही चालणार. माझे आजोबा अजून असते आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला असता तर मी घरातून पळूनच गेले असते."

"मग मी शिकवू कसं?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी भूगोलाची." आणि शेवेची पुडी माझ्यापुढे धरली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी फादर सकाळच्या गाडीने आले. पोक्त वयाचे, जाड भिंगांचा चष्मा, आवाज हळू पण प्रश्न रोखठोक. त्यांना आमच्याच खोलीत बसवलं. तलवारी आदल्या दिवशी मी एका चादरीखाली झाकल्या होत्या. मुली एकेक करून उभ्या राहिल्या. फादर विचारायचे, मुली सांगायच्या. माझ्या मुली पाठांतरात कुणाला हार जाणाऱ्या नाहीत.  मग तिची पाळी आली.

"सात संस्कार सांग, बाळ."

ती उभी राहिली. बाकाची कड धरली. ओठ हलले, आवाज नाही.

"बरं, दृढीकरणात आपल्याला काय मिळतं?"

नाही. आणखी एक विचारलं. तेही नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि मला समोर दिसत होते ते कडुलिंबाखालचे आबा. फादरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "घाई नको करायला. हिला पुढच्या वेळी बसवू."

मला राहवलं नाही. मी उठले, आणि माझा आवाज पाहिजे त्यापेक्षा जरा जास्तच चढला. "फादर, हिला सगळं येतं. नळावर कपडे धुताना ही सगळं म्हणते. मी ऐकलंय."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टीचर, नळावर परीक्षा घ्यायला माझी हरकत नाही. पण तुम्ही आधी बसा." मी बसले. ते तिच्याकडे वळले, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि सहज, बोलायला बोलावं तसं विचारलं, "यंदा या वर्गात तुला काय लक्षात राहिलं?"

तिने तुळशीवृंदावनाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "पाय धुतले ते."

"तुझेही धुतले?"

"नाही. मी दिले नाहीत."

"का नाही दिलेस?"

आणि तिचं पुस्तकी मराठी गळून पडलं, तिच्या घरचं बोलणं वर आलं. "आबा मना पाय धराले लागनात ते मी धरू देसू का, फादर? टीचर मोठ्या शेतस. मोठासनी पाय नही धरना आमना."

फादरांनी मान हलवली. "तो थोरला शिष्यही हेच म्हणाला. मग शेवटी त्याने पाय का दिले?"

मला पुस्तकातलं उत्तर माहीत होतं. मी ते मनात म्हणतही होते, जणू माझ्या मनातलं तिच्या तोंडी जाईल. पण ती पुस्तकातलं बोललीच नाही. तिने सांगितलं की बोर्डिंगला ती पहिल्यांदा निघाली तेव्हा आबा तिला एसटीपर्यंत सोडायला येत होते. वाटेत बाभळीचा काटा चपलेतून आरपार पायात गेला. पाऊल टेकेना. आबा वाटेतच धुळीत बसले आणि म्हणाले, पाय इकडे दे, मांडीवर ठेव. तिने पाय मागे घेतला. आबांसारख्या माणसाने नातीचा पाय मांडीवर घ्यायचा म्हणजे काय? ती रडायला लागली. आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की लाज धरशी ते इथेच राहशी, एसटी निंघी जाई. मग तिने पाय दिला. आबांनी कमरेच्या चिमट्याने काटा काढला, पायावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली, आणि दोघं पुढे चालले.

"काटा काढना व्हई ते पाय देनाच पडस," ती म्हणाली. "त्या शिष्यलेबी पुढे जाना व्हतं ना, फादर. म्हनीसन त्यानी दिधा."

 फादरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी मात्र एकदम दुसरीकडे बघायला लागले, कारण माझे डोळे भरले होते आणि मला मुलींसमोर रडायला आवडत नाही. एवढी वर्षं मी तो धडा शिकवत होते. थोरल्या शिष्याने पाय दिले ते नम्रतेमुळे, असं माझं उत्तर. माझ्या आधी जिन्याखालच्या सिस्टरांचं उत्तर. ते चूक नाही. पण या मुलीने आपल्या वाटेवरच्या बाभळीतून त्या उत्तराला चालतं केलं होतं.

फादरांनी अजून एक विचारलं, जरा मिश्किलपणे. "मग टीचरना का नाही दिलास पाय? त्यांनीही मागितला होता ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फादरांकडे, आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "टीचरनी दटावलं. आबांनी दटावलं नव्हतं."

फादर हसले, मुली तोंडावर हात दाबून हसल्या. मी खिडकीबाहेरच्या जास्वंदीकडे बघत बसले. जास्वंद त्या दिवशी भलतीच बघण्यासारखी वाटली मला.

"आता सात संस्कार," फादर म्हणाले. आणि ती बाकाची कड न धरता, एका दमात, क्रमाने म्हणून मोकळी झाली. पवित्र आत्म्याची दानंही, दहा आज्ञाही. फादर मध्ये थांबवू बघत होते, ती थांबेना. नळ सोडल्यासारखं. शेवटी त्यांनी हात वर केला. "पुरे बाळ. बिशपनाही काही उरू दे."

मी जाऊन भूगोलाच्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आपला अख्खा डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "रिक्षातली पोरगी भारी निघाली."

दृढीकरण पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर झालं. प्रत्येकीच्या मागे एक धर्ममाता उभी राहते, उजवा हात मुलीच्या खांद्यावर ठेवून. तिला गावाकडून कुणी मिळालं नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. बिशपनी तिच्या कपाळावर तेलाने क्रूस काढला तेव्हा तिचा खांदा माझ्या हाताखाली जरासुद्धा हलला नाही.  आबा पहिल्या रांगेत बसले होते, पांढरा रुमाल मांडीवर घडी करून ठेवलेला. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाले, "बाई, तुमीन मनी नातले बठ्ठं शिकाडं."

मी म्हटलं, "आबा, सगळं नाही. एक गोष्ट तुम्ही शिकवली." त्यांना कळलं नाही आणि मीही उलगडून सांगितलं नाही. ती शेजारी उभी राहून ओठ दाबून हसत होती.

दुसऱ्या वर्षी तिची दहावीची परीक्षा झाली आणि ती गावी गेली. गुड फ्रायडेच्या आदला, पाय धुण्याचा गुरुवार जवळ आला तेव्हा निरोप आला, टीचरनी यावं. त्या दिवशी फादर पलीकडच्या मोठ्या गावात मिस्सा करणार होते. हिच्या गावात मिस्सा नव्हती, नुसती प्रार्थना होती, आणि प्रार्थना ती चालवणार होती. आबांच्या ऐवजी, पहिल्यांदाच. मी शिरपूरला एसटी बदलली, पुढे उतरले आणि न्यायला आलेल्या तिच्या धाकट्या भावाबरोबर चालत निघाले. दोन्ही बाजूंना बाभळी होत्या. मी एकेक पाऊल बघून टाकत होते.

प्रार्थनाघर भरलं होतं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरं दाराशी. ज्यांना मुलीने प्रार्थना चालवणं पटलं नव्हतं तेही आले होते, हाताची घडी घालून भिंतीशी बसले होते. ते कोण हे मला कुणी दाखवायची गरज पडली नाही, चेहऱ्यांवरच होतं. मला पाहुणी म्हणून सगळ्यांच्या पुढे, आबांशेजारी बसवलं.

ती उभी राहिली. ओढणी डोक्यावर, हातात पुस्तक, पण पुस्तकात तिने फारसं बघितलंच नाही. मराठीत वाचलं आणि मग तेच अहिराणीत सांगितलं, जशी नळावर बोलायची तशी. आवाज मोकळा, कुठे अडखळणं नाही. आबा ओठांतल्या ओठांत प्रत्येक शब्द तिच्या आधी म्हणत होते, ती चुकली तर सांभाळून घ्यायला. ती चुकली नाही. हळूहळू त्यांचे ओठ थांबले आणि ते नुसते ऐकायला लागले. मला तेव्हा जो अभिमान वाटला तो मी आजवर कुणापासून लपवलेला नाही, इथेही लपवत नाही. माझ्या रिक्षाभर वर्गातली मुलगी गावाला प्रार्थना सांगत होती.

मग तिने परात आणि तांब्या आणला आणि आबांसमोर गुडघे टेकून बसली. आबांनी पाय झटकन धोतराखाली ओढून घेतले. "नको वं पोरी. तू आते प्रार्थना सांगनारी शे. मना पाय नको धरू."

सगळं घर बघत होतं. भिंतीशी बसलेलेही पुढे झुकले. ती दटावायला गेली नाही. माझ्याकडून ती ते शिकली नव्हती, हे बरंच झालं. ती तशीच बसून राहिली आणि हळूच म्हणाली, "आबा, काटा काढना व्हई ते?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडभर हसू पसरलं, आणि त्यांनी पाय बाहेर काढला. भेगाळलेला, मातीचा झालेला पाय परातीत ठेवला. तिने पाणी ओतलं, दोन्ही हातांनी चोळून धुतला, टॉवेलने टिपला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. भिंतीशी हाताची घडी घालून बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याने स्वतःच आपल्या चपला काढल्या आणि पुढे सरकून बसला.

पण रांगेत त्याच्या आधी मी होते. तिने परात माझ्यासमोर सरकवली. ओढणी खांद्यामागे टाकली, गुडघे टेकले, आणि माझ्या पायाला हात लावला.

आणि मी, धर्मशिक्षणाची टीचर, इतकी वर्षं हाच धडा शिकवणारी, मी पाय मागे ओढला. तोंडातून निघूनही गेलं, "अगं नको, तू नको." बिशपनी तेल लावलं होतं ते तिचं कपाळ माझ्या गुडघ्याजवळ होतं. आता ती माझी विद्यार्थिनी नव्हती, या घराची प्रार्थना सांगणारी होती.

तिने मान वर केली. दटावलं नाही, समजावलं नाही. हात तसाच पुढे धरून ती थांबली.

"टीचर," ती म्हणाली, "पाय."

मी पाय दिला.